नेट सर्व्हिस, फक्की आणि माझी शिट्टी

परवा जेवताना धाकट्यानं विचारलं, पप्पा तुम्ही व्हॉलीबॉलचे पंच कसे काय झालात, आणि मी नेहमीसारखं सांगून टाकलं, आवड होती रे पहिल्यापासून. हे काय खरं नव्हे. आवड खेळायची होती, पंचगिरीची कुणाला असत्या? उन्हात ताटकळायचं, दोन्हीकडनं शिव्या खायच्या आणि मानधनाच्या पाकिटात पेट्रोलचे पैसे निघाले तरी नशीब समजायचं. मी पंच झालो कारण एका पोराचा हक्काचा पॉइंट मी खाल्ला होता. तो किस्सा घरात कुणाला सांगितलेला नव्हता, म्हटलं इथं लिहून टाकू.

आधी थोडं मागं जातो. आमचं कॉलेज 1988 ते 92. कोल्हापुरात खेळ म्हटलं की पहिली कुस्ती, मग फुटबॉल, मग बराच वेळ काहीच नाही आणि मग बाकीचे सगळे. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची फुटबॉल मॅच असली की शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसायची, आणि आमच्या व्हॉलीबॉलच्या मॅचला आम्ही बारा जण, दोन पंच आणि चहाचा एक पोऱ्या. तरी खेळायचो जीव तोडून. मी लिफ्टर होतो, म्हणजे स्मॅशरला बॉल चढवून देणारा, उंची कमी पडली म्हणून, दुसरं काय.

तेव्हाचा खेळ आजच्या पोरांना सांगितला तर त्यांना वाटतं म्हातारा काहीतरी फेकतोय. पॉइंट फक्त सर्व्हिस करणाऱ्या टीमलाच मिळायचा. समोरच्यानं रॅली, म्हणजे सर्व्हिसपासून बॉल मरेपर्यंतचा खेळ, मारली तर त्याला नुसती सर्व्हिस मिळायची, त्याला आम्ही साइड आउट म्हणायचो. सेट पंधराचा, पण कधी कधी तीन-तीनवर घोडं असं अडायचं की अर्धा तास बोर्ड हलायचा नाही, दोन्हीकडच्या पोरांना दम लागलेला आणि स्कोअर आपला तीन-तीन. फक्त पाचवा सेट रॅलीवर, म्हणजे सर्व्हिस कुणाचीही असो, रॅली मारेल त्याला पॉइंट, ते 1988 च्या सोल ऑलिंपिकनंतर आलं होतं. सर्व्हिस मागच्या लायनीच्या कुठूनही करता यायची नाही, उजव्या कोपऱ्यात तीन मीटरचा तुकडा असायचा, तिथनंच. बॉल कमरेच्या खाली लागला की फाऊल. आणि सर्व्हिस नेटला नुसती चाटून गेली तरी संपलं, पंचाची शिट्टी वाजलीच म्हणून समजा. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

मग नोकरी लागली, बदली, लग्न, पोरं, आणि बॉलला हात लागायचा बंद झाला. मधल्या काळात तिकडं जगात काय काय बदललं ते मला टीव्हीवर दिसेल तेवढंच. सगळ्याच सेटला रॅली पॉइंट आला हे माहीत होतं, 25 चा सेट, शेवटचा 15 चा, दोन पॉइंटचा फरक पाहिजे. लिबरो नावाचा वेगळ्या रंगाच्या टी-शर्टातला एक गडी आत-बाहेर पळत असतो हेही बघितलं होतं, पण तो का पळतोय हे काय नीट कळलं नव्हतं.

2011 ची गोष्ट. करवीर तालुक्यातल्या एका गावच्या जत्रेत व्हॉलीबॉलच्या मॅचेस ठेवल्या होत्या. सासुरवाडीचं गाव, त्यामुळे जेवायला जाणं भाग होतं. दुपारी मटणाचं जेवण हाणून मी आपला झाडाखाली बसलो होतो तेवढ्यात मेव्हणा पळत आला, म्हणाला, "दाजी, पंच आलाच न्हाई, तुम्ही खेळलाय न्हवं कॉलेजला, चला." नाही म्हटलं तर पाहुण्यांत शोभत नाही आणि खरं सांगायचं तर मनातून जरा बरंही वाटलं. वीस वर्षांनी कुणीतरी आपल्याला खेळाडू म्हणतंय. उठलो.

मैदान म्हणजे शाळेमागची तांबडी माती, पाणी मारून रोलर फिरवलेली, वर फक्कीच्या लायनी. नेट बांधलं होतं दोन लोखंडी पाइपांना आणि त्याला मध्ये चांगलाच झोल. गड्यांच्या खेळाला नेट मध्यभागी 2.43 मीटर पाहिजे, बायकांना 2.24, आणि कडेला त्यापेक्षा दोन सेंटिमीटरच्या वर जास्त असता कामा नये. इथं कडेला वीतभर जास्त होतं. मी एक बांबू मागवला, त्यावर टेपनं माप घेऊन खूण केली आणि दोन पोरांना पाइपाला लोंबकळायला लावून नेट ताणून घेतलं. हे काम मला येत होतं त्यामुळे गावातली माणसं एकमेकांना म्हणायला लागली, पंच लई कडक हाय बरं का. इथंच माझ्या डोक्यात हवा गेली.

पंचाला उभं राहायला म्हणून ट्रॅक्टरची ट्रॉली आडवी लावली होती. हे काही वाईट नाही बरं का. मुख्य पंचाची नजर नेटच्या वर अर्धा मीटर राहिली पाहिजे असं नियमातच आहे, आणि ट्रॉलीच्या फाळक्यावर उभं राहिलं की बरोबर तेवढी राहत्या. फक्त ट्रॉलीत आधी शेण वाहिलेलं होतं, तो विषय सोडा.

फायनल पोचली तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या सेटला. 13-13. एका बाजूला यजमान गावची टीम, दुसऱ्या बाजूला पलीकडच्या गावची, सगळी कॉलेजची पोरं, आणि त्यांचा कॅप्टनच सर्व्हिसला. सडपातळ पोरगं, सोळा-सतरा वर्षांचं, पायात साधे कॅनव्हासचे बूट. मी शिट्टी दिली, त्यानं बॉल वर टाकला, हात बसला, बॉल सरळ नेटच्या पट्टीवर आला, पट्टीला ठप करून लागला, क्षणभर वर बसल्यासारखा झाला आणि पलीकडं पडायला लागला.

आणि माझी शिट्टी वाजली.

मी वाजवली असं म्हणवत नाही, ती वाजली. बॉल अजून जमिनीला टेकला नव्हता, समोरचं एक पोरगं पुढं झेपावत होतं, आणि माझा हात समोरच्या टीमकडं गेलासुद्धा, पॉइंट तुमचा. मेंदूला काही विचारायच्या आधी फुप्फुसानं काम करून टाकलं. चार वर्षं कॉलेजात नेटला लागलेल्या प्रत्येक सर्व्हिसला ती शिट्टी ऐकलेली, ती आत कुठंतरी वीस वर्षं बसून होती.

गावात जल्लोष. माइकवाला "नाद खुळा" करायला लागला. आणि ते पोरगं मागच्या लायनीवरनं चालत आलं, पळत नव्हे, ट्रॉलीच्या खाली उभं राहिलं, हात मागं घेऊन, आणि हळू आवाजात म्हणालं, "सर, नेट सर्व्हिस आता चालत्या की."

मी म्हटलं, "काय?"

"चालत्या सर. लई वर्षं झाली. बॉल पलीकडं पडला की झालं, रॅली चालू."

मी खाली स्कोअर लिहिणाऱ्या पीटीच्या सरांकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग गावच्या मंडळींकडं बघितलं, मग वहीत बघत हळूच मान हलवली. बरोबर बोलतोय पोरगं. हा नियम 2000 च्या सुमारासच बदलला होता म्हणजे, मी ट्रॉलीवर चढलो त्याच्या दहा वर्षं आधी.

आता काय करायचं? शिट्टी चुकून वाजली तरी वाजली, रॅली तिथं मेली. बॉल जमिनीला टेकला नव्हता, समोरच्यानं कदाचित उचललाही असता, त्यामुळे सर्व्हिसवाल्यालाही पॉइंट देता येत नाही. परत सर्व्हिस, हा एकच रस्ता. तेवढं मला कळलं आणि तेवढं मी केलं. दोन्ही अंगठे वर करून दाखवले, म्हणजे रॅली परत. आणि मग जो काय गलका झाला म्हणता. "ओ पंच, डोळं हाईत का बटणं?" "पावणं हाय म्हणून काय बी देतंय व्हय?" म्हणजे यजमान गाव माझ्यावर खवळलं, कारण त्यांना दिलेला पॉइंट मी काढून घेतला. मेव्हणा कुठं गायब झाला ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

पोरानं परत सर्व्हिस केली. या वेळी हात जोरात बसला, थोडा जास्तच, बॉल मागच्या लायनीच्या हातभर बाहेर. यजमान 14-13. पुढची रॅली यजमानांनी मारली, 15-13, संपलं. शिल्ड, गुलाल, हलगी.

मी गाडीला किक मारत होतो तेव्हा ते पोरगं आलं. मला वाटलं आता हा बोलणार. तर म्हणतं कसं, "सर, वाईट वाटून घेऊ नका, आमच्याकडं बी लई जणांस्नी माहीत न्हाई."

शिवी दिली असती तर मी ती विसरून गेलो असतो.

त्यानंतर मी नियमाचं पुस्तक मिळवलं, झेरॉक्स काढली, बायको म्हणाली परीक्षा देणार काय आता या वयात, आणि पुढं खरंच दिली. पुस्तक वाचताना जाणवलं की मी त्या दिवशी एक चूक पकडली गेली म्हणून लाजलो, पण न पकडल्या गेलेल्या किती असतील. उदाहरणार्थ, पहिला बॉल. समोरचा स्मॅश आला, अंडरहँड घेताना बॉल एका हाताला लागून दुसऱ्याला लागला तर पब्लिक ओरडतं, डबल! मी त्या दिवशी दोनदा दिला होता डबल. चालतंय ते. टीमचा पहिला टच असेल आणि एकाच झटक्यात असेल तर दोन्ही हातांना, छातीला, कुठंही लागोपाठ लागू दे. पाय लागला तरी चालतो, 90 च्या दशकातच ते कमरेचं प्रकरण निकालात निघालं. डबल बघायचा तो दुसऱ्या टचला, लिफ्टरच्या बोटात, आणि तिथंही बॉल गिरक्या घेत गेला म्हणजे डबल झालाच असं नाही. मी स्वतः लिफ्टर होतो, मला माहिताय घाण सेट आणि डबल यात फरक असतो. हाताकडं बघायचं, बॉलकडं नाही. बॉल हातातनं सुटल्यावर काय करतो तो त्याचा प्रश्न. पण शंभर माणसं ओरडत असताना शिट्टी न मारणं हे मारण्यापेक्षा अवघड असतंय, हे मला कुणी परीक्षेत विचारलं नाही.

नेटचंही तसंच. बॉल खेळताना दोन अँटेनांच्या, म्हणजे नेटच्या दोन्ही कडेच्या उभ्या काठ्यांच्या, मध्ये नेटला हात लावला तर फाऊल. पण समोरच्याचा बॉल नेटमध्ये जोरात घुसला आणि नेटच फुगून ब्लॉकवाल्याच्या, म्हणजे नेटवर हात करून स्मॅश अडवणाऱ्याच्या, अंगाला लागलं तर त्यात त्याचा काय दोष? नाहीच. आणि मधल्या लायनीवर पाय गेला की "पाय, पाय" करून गलका होतो, तिथं पाय पूर्ण पलीकडं गेला तरच फाऊल, टाच लायनीवर असली किंवा लायनीच्या वर हवेत असली तरी सुटतो. हे बघायचं काम दुसऱ्या पंचाचं, खाली खांबाजवळ उभा असतो तो. बिचाऱ्याला कुणी ओळखत नाही, पण अर्ध्या मॅचा तोच वाचवतो.

लिबरोचं एक सांगतो, हसू येतं. लिबरो म्हणजे नुसता बचावाला ठेवलेला गडी. लिबरोचा टी-शर्ट बाकी टीमपेक्षा वेगळा उठून दिसला पाहिजे. गावाकडच्या एका टीमकडं वेगळा टी-शर्टच नव्हता तर त्यांच्या पोरानं आपलाच उलटा करून घातला, शिवण बाहेर, लेबल मानेवर. मी काय करणार, वेगळा दिसत होता हे खरं. चालू दिलं. पण मग त्याच पोरानं तीन मीटरच्या लायनीच्या पुढं येऊन बोटानं मस्त उंच बॉल चढवला आणि त्यांच्या स्मॅशरनं तो नेटच्या वरनं हाणला, मी शिट्टी मारून हात खाली आणला, आणि त्यांच्या बाकड्यावरनं कुणीतरी म्हणालं, उलट्या शर्टाचा फाऊल दिला. नव्हे हो. लिबरोनं पुढच्या झोनमधनं बोटानं चढवलेला बॉल नेटच्या उंचीच्या वरनं मारता येत नाही. अंडरहँडनं दिला असता तर चाललं असतं. दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा सोडून दिलं.

कोल्हापुरात पंचगिरी करताना एक खास अडचण असते आणि ती म्हणजे फुटबॉल. इथं शेंबड्या पोराला पिवळं कार्ड, लाल कार्ड सगळं पाठ. पण व्हॉलीबॉलची कार्डं वेगळीच आहेत. पिवळं म्हणजे नुसती ताकीद, पॉइंट जात नाही. लाल दाखवलं की समोरच्या टीमला एक पॉइंट आणि सर्व्हिस, बस, खेळाडू खेळत राहतो. मी एकदा एका स्मॅशरला लाल दाखवलं, नेटखालनं समोरच्याला आईवरनं बोलला म्हणून, तर पब्लिक उठून उभं, "काढा भाईर, काढा त्याला." आणि ते पोरगंसुद्धा मान खाली घालून बाहेर चालायला लागलं! मला ट्रॉलीवरनं, म्हणजे आता स्टँड असतो, स्टँडवरनं ओरडून सांगावं लागलं, अरे थांब, कुठं चाललास, तुला कोण म्हटलं जा म्हणून. बाहेर काढायचा असेल तर दोन्ही कार्डं एकाच हातात धरून दाखवायची, तो सेट गेला. आणि दोन हातांत वेगवेगळी दाखवली तर अख्खी मॅच गेली. दोन हातवाली वेळ माझ्यावर एकदाही आलेली नाही, टच वुड.

आता गंमत बघा. एवढं सगळं शिकून, जुनं सगळं पुसून, मी निवांत झालो होतो, तर 2025 पासून परत बदल. सर्व्हिस करणाऱ्या टीमनं सर्व्हिसच्या क्षणी रोटेशनप्रमाणं, म्हणजे जागांच्या ठरलेल्या फिरत्या क्रमानं, उभं राहायचं हा आमच्या रक्तातला नियम, आणि तो काढला. सर्व्हिसची पाळी ज्याची त्यानंच करायची, ते तसंच आहे, पण बाकीच्या पाच जणांनी कुठंही उभं राहावं. फक्त बॉल घेणाऱ्या टीमला रोटेशनची बंधनं. कागदावर वाचायला सोपं वाटतं, पण मी गेली कैक वर्षं सर्व्हिसच्या आधी डोळ्याच्या कोपऱ्यातनं मोजायचो, पुढचे तीन, मागचे तीन, लिफ्टर कुठाय, आणि ते मोजणं आता बंद करायचंय. पहिल्या मॅचला सर्व्हिसवाल्या टीमचा लिफ्टर आधीच नेटजवळ जाऊन उभा राहिलेला बघितला आणि श्वास छातीत भरला, शिट्टी ओठात, हात निम्मा वर. तेव्हा ते कॅनव्हासच्या बुटातलं पोरगं डोळ्यासमोर आलं. शिट्टी ओठातनं काढली आणि खोकल्यासारखं केलं. खाली दुसरा पंच हसत होता, त्याला कळलं.

तर आता मुख्य गोष्ट. मागच्या हिवाळ्यात शहरातच रात्रीच्या मॅचेस होत्या, चांगले लाइट, चांगलं मैदान, लायनी मात्र आपल्या फक्कीच्याच. लाइनमन म्हणून कॉलेजची दोन पोरं दिली होती, म्हणजे एक मुलगा आणि एक मुलगी. लाइनमन म्हणायची सवय, मुलीला लाइनमन म्हणायचं कसं ते मला अजून सुचलेलं नाही. हातात झेंडा. झेंडा खाली म्हणजे बॉल आत, वर म्हणजे बाहेर, झेंडा वर धरून त्यावर दुसऱ्या हाताचा तळवा टेकवला की ब्लॉकला लागून गेला. आणि अजून एक खूण आहे, जी मी एवढ्या वर्षांत मैदानावर कुणाला करताना बघितलं नव्हतं. दोन्ही हात छातीवर फुली मारल्यासारखे आडवे घ्यायचे. त्याचा अर्थ, मला दिसलं नाही.

पुस्तकात आहे ती खूण. रीतसर चित्रासकट. पण आपल्याकडं करतंय कोण? लाइनमनला दिसो न दिसो झेंडा वर नाहीतर खाली झालाच पाहिजे, नाहीतर पब्लिक म्हणणार मग तुला उभं कशाला केलंय. मी स्वतः सुरुवातीला लायनीवर उभा राहायचो तेव्हा किती वेळा अंदाजानं झेंडा खाली केलाय त्याचा हिशेब न विचारलेला बरा. बाहेर म्हटलं की सिद्ध करावं लागतं, आत म्हटलं की निम्मं मैदान खूश असतंय.

पाचवा सेट, 12-12. स्मॅश मागच्या कोपऱ्यात, त्या मुलीच्या बरोबर समोर. बॉल उचलायला एक धिप्पाड पोरगं मागं पळत आलं, घसरलं आणि तिच्या अन् बॉलच्या मध्ये आडवं झालं. फक्की उडाली. ती मी बघितली. पण बॉलनं उडाली का त्याच्या बुटानं, ते मी वरनं छातीठोक सांगू शकत नव्हतो. मी तिच्याकडं बघितलं. तिनं झेंडा काखेत दाबला आणि दोन्ही हात छातीवर आडवे घेतले.

एक-दोन सेकंद मैदान गप्प, कारण कुणालाच खूण कळली नाही. मग कुणीतरी ओरडलं, "नमस्कार करालीय काय पोरगी!" आणि हशा. मग शिव्या. ती तशीच उभी, हात छातीवर, माझ्याकडं बघत. मी दुसऱ्या पंचाकडं बघितलं, त्यानं खांद्यानंच सांगितलं, माझ्याकडनं दिसत नाही. म्हणजे आता सगळं माझ्यावर. लाइनमन काय सांगतो ते ऐकायचं, पण शेवटचा शब्द मुख्य पंचाचा, आणि आज ऐकायलाही काही नव्हतं. मी जे बघितलं होतं ते एवढंच, बॉल आणि फक्की जवळपास एकाच वेळी. लायनीला नुसती कड लागली तरी आत. मी आत दिला. बरोबर होतं का? तेव्हा मला वाटलं बरोबर आहे, घरी येईपर्यंत वाटलं साठ टक्के, झोपताना पन्नास.

ज्यांच्या विरोधात गेला त्यांचा कॅप्टन आला, विचारलं, मी सांगितलं माझा निर्णय आत आहे. त्याला कारण विचारायचा हक्क आहे, वाद घालायचा नाही, तो गेला. पण बाहेरनं एक गृहस्थ मोबाइल उंच धरून आले, "व्हिडिओ हाय सर माझ्याकडं, बघा की, एक मिनिट." यात त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. टीव्हीवर बघतात लोक, 2022 पासून आपल्याकडंही प्राइम व्हॉलीबॉल लीग आली, पंधरा पॉइंटचे सेट, टीम रिव्ह्यू मागते, स्क्रीनवर बॉल लायनीजवळ दहादा पडतो, मग निर्णय फिरतो. तिथं कॅमेरे नेमून ठेवलेले असतात, ती व्यवस्थाच वेगळी. इथं मी एका बाजूच्या माणसाचा मोबाइल बघितला तर पुढच्या रॅलीला दुसऱ्या बाजूचे चाळीस मोबाइल येतील. मी हात करून नाही म्हटलं आणि सर्व्हिसची शिट्टी दिली. आठ सेकंदांत सर्व्हिस करावी लागते, त्यामुळे शिट्टी दिली की गलका आपोआप कमी होतो, ही एक जुनी युक्ती आहे, पुस्तकात नाही.

मॅच झाल्यावर ती मुलगी झेंडा परत द्यायला आली. डोळे लाल होते पण रडत नव्हती.

"सर, माझं चुकलं का? अंदाजानं दाखवायला पाहिजे होतं का?"

मी म्हटलं, "तुला दिसलं होतं का?"

"नाही. तो पुढं आला."

"मग काय दाखवणार होतीस?"

ती काहीच बोलली नाही. मग मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी तिला ट्रॉलीची गोष्ट सांगितली. शेणासकट. नेट सर्व्हिस, बटणाचे डोळे, 13-13, सगळं. ती हसली आणि म्हणाली, "त्या मुलाचं पुढं काय झालं सर?" मला माहीत नाही. नावसुद्धा विचारलं नव्हतं मी त्याचं. आता तो तिशीच्या पुढं असेल, कुठंतरी एमआयडीसीत नाहीतर पुण्यात.

त्या गृहस्थांनी तो व्हिडिओ शेवटी कुणाकडनं तरी माझा नंबर मिळवून व्हॉट्सॲपवर पाठवला, खाली तीन लाल तोंडाच्या इमोजी. 14 एमबीचा आहे. मधे तो गोल बाण दिसतो डाऊनलोडचा, अजून दाबलेला नाही. धाकट्याला हे आज सगळं सांगितलं तर तो म्हणाला, द्या इकडं, मी बघतो, तुम्हाला सांगत नाही. मी फोन खिशात घातला आणि ताटावर बसलो, कारण पांढरा रस्सा गार होत होता.